संवर्धन-माध्यमातील परका आर.एन.ए. : एका पुराव्याची चिकित्सा

पेशीच्या बाहेर आढळणाऱ्या आर.एन.ए.कडे जीवशास्त्रज्ञांचे विशेष लक्ष वेधले गेले ते २००७ साली. त्या वर्षी वालादी, ल्योत्वाल व त्यांचे सहकारी यांनी स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठातून असे दाखवून दिले की, पेशींनी बाहेर टाकलेल्या सूक्ष्म पुटिकांमध्ये संदेशवाही आर.एन.ए. आणि सूक्ष्म आर.एन.ए. असतात व ते एका पेशीकडून दुसरीकडे पोहोचू शकतात. त्यांच्या प्रमाणाची मदार प्रजातिभेदावर होती. पुटिका उंदराच्या पेशींच्या होत्या, त्या घेणाऱ्या पेशी मानवी होत्या. मानवी पेशींत उंदराची प्रथिने तयार झालेली दिसली, तेव्हा संदेश बाहेरून आला हे मान्य करण्यावाचून गत्यंतर उरले नाही. या वाटेने पुढे जे असंख्य अभ्यासक गेले, त्यांपैकी अनेकांना मात्र प्रयोगपात्रात हजर असलेल्या आणखी एका प्राण्याचे विस्मरण झाले. तो प्राणी म्हणजे गाय.

बहुतेक प्राणिपेशी केवळ क्षार, शर्करा, अमिनो अम्ले व जीवनसत्त्वे यांच्या द्रावणात फार काळ वाढत नाहीत. हॅरी ईगल यांनी १९५५ साली माध्यमाचे घटक नेमके ठरवून दिले, तरी त्यात रक्तरस घालावाच लागे. आजही प्रयोगशाळेत 'सीरम' या नावाने ओळखला जाणारा गर्भस्थ वासराचा रक्तरस साधारणतः शेकडा १० या प्रमाणात घातला जातो. म्हणजे ५० मिलिलिटर माध्यमात ५ मिलिलिटर रक्तरस. तो वाढीचे घटक पुरवितो म्हणून घ्यावयाचा. परंतु तो रक्तापासून काढलेला आहे, आणि रक्तात जे जे फिरते त्यातील पुष्कळसे त्यात उतरते, ही साधी गोष्ट सवयीमुळे नजरेआड होते.

या सवयीला धक्का दिला तो वेई, बातागोव्ह, कार्टर व क्रिचेव्हस्की यांनी २०१६ साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाने. गर्भस्थ वासराच्या रक्तरसात संदेशवाही, रिबोसोमी, न्यूक्लिओलसमधील लघु व सूक्ष्म अशा नाना प्रकारचे आर.एन.ए. असतात, दीर्घकाळ अतिवेगी केंद्रोत्सारण करून 'पुटिकामुक्त' केलेल्या रक्तरसातही त्यांतील बहुतांश शिल्लक राहतात, आणि पेशींनी सोडलेला आर.एन.ए. वेगळा करताना ते त्याच्याबरोबरच येतात, असे या निबंधाचे निष्कर्ष आहेत. मिर-१२२, मिर-४५१ए व मिर-१२४६ हे तीन सूक्ष्म आर.एन.ए. रक्तरसात विपुल आहेत आणि नेमके हेच पूर्वीच्या काही अभ्यासांत संवर्धित पेशींच्या पुटिकांत समृद्ध असल्याचे सांगितले गेले होते, याकडे निबंधकारांनी लक्ष वेधले आहे.

हा निष्कर्ष दोन वर्षे आधीच्या एका चांगल्या कामाशी विसंगत वाटतो. शेळके, लेसर, घो व ल्योत्वाल यांनी २०१४ साली असे नोंदविले होते की दीड तासाचे केंद्रोत्सारण अपुरे पडते, परंतु १८ तास केल्यास रक्तरसातील आर.एन.ए.युक्त पुटिकांपैकी सुमारे ९५ टक्के निघून जातात. एकीकडे जवळजवळ सर्व निघून जाते, दुसरीकडे बहुतेक सारे राहते. मग खरे कोणाचे? वस्तुतः दोन्ही खरे असण्यास काहीच अडचण नाही, कारण दोघांनी मोजलेली वस्तू एक नव्हे. एकाने पुटिका मोजल्या, दुसऱ्याने आर.एन.ए. मोजला. रक्तात उघडा आर.एन.ए. टिकत नाही, रिबोन्यूक्लिएज एंझाइमे त्याचा थोड्याच वेळात फडशा पाडतात. जो टिकतो त्याला कोणाचा तरी आश्रय असतो, आणि हा आश्रय पुटिकेचाच असला पाहिजे असे नाही. अरोयो व सहकाऱ्यांनी २०११ साली मानवी रक्तद्रवातील सूक्ष्म आर.एन.ए.चा मोठा भाग पुटिकांच्या बाहेर, आर्गोनॉट-२ या प्रथिनाशी बद्ध असल्याचे दाखविले होते. हे प्रथिन सुमारे ९७ किलोडाल्टन वस्तुमानाचे. पुटिकेच्या मानाने ते अगदीच क्षुल्लक. गुरुत्वाच्या एक लक्षपट बलानेही ते पुटिकेप्रमाणे तळाशी बसत नाही. तेव्हा दोष यंत्राचा नसून शब्दाचा आहे. 'पुटिकामुक्त' हे विशेषण वाचताना 'आर.एन.ए.मुक्त' असे समजले गेले, आणि बाटलीवरील चिठ्ठीने तो समज पक्का केला.

शब्दाची ही गफलत निरुपद्रवी नाही. सूक्ष्म आर.एन.ए.ची लांबी अवघी २२ न्यूक्लिओटाइडांच्या आसपास असते आणि उत्क्रांतीत त्यांतील कित्येक जवळजवळ बदललेलेच नाहीत. पक्व मिर-१२२चा क्रम गायीत व मनुष्यात एकच आहे. अनुक्रमणातून आलेले वाचन केवळ मानवी जीनोमशी ताडून पाहिले तर गायीचा रेणू बिनबोभाट मानवी ठरतो. दोन्ही जीनोमांशी ताडले तर तो दोहोंशी जुळतो व प्रश्न अनिर्णित राहतो. संगणकाची कोणतीही हुशारी येथे उपयोगी पडत नाही, कारण हवी ती माहिती क्रमात नाहीच. मिर-१२४६ची कथा आणखी निराळी आहे. त्याचा क्रम यू-२ या लघुकेंद्रकीय आर.एन.ए.च्या एका तुकड्यात जसाच्या तसा सापडतो, आणि यू-२ तर साऱ्या सस्तन प्राण्यांत आहे. म्हणजे 'मिर-१२४६' या नावाखाली मोजलेले रेणू गायीचे असू शकतात एवढेच नव्हे, तर ते सूक्ष्म आर.एन.ए. नसून दुसऱ्याच रेणूचे अवशेषही असू शकतात. कर्करोगाचा रक्तातील निदर्शक म्हणून ज्याचा पुरस्कार झाला आहे अशा रेणूबाबत ही शंका उपस्थित व्हावी, हे गंभीर आहे.

तथापि २०१६च्या निबंधाचा आधार घेऊन सगळे जुने काम निकालात काढण्याची जी घाई कधीकधी दिसते, तीही समर्थनीय नाही. रक्तरसात एखादा रेणू आहे, यावरून अमुक अभ्यासातील तो रेणू रक्तरसाचाच होता असे सिद्ध होत नाही. मिर-१२२ हा यकृतपेशींचा विशेष रेणू आहे; हु-७ या यकृतार्बुदाच्या पेशी तो स्वतःच भरपूर तयार करतात, हेप-जी-२ पेशींत तो अत्यल्प असतो. पहिलीच्या पुटिकांत तो मिळाला तर आश्चर्य नाही. दुसरीच्या पुटिकांत विपुल मिळाला तर मात्र रक्तरसाकडे बोट दाखवावे लागेल. निबंधकारांनीही जुन्या अहवालांविषयी 'संभवतः' एवढेच म्हटले आहे. टीकाकारांनी तो शब्द गाळून वाक्य पुढे नेले. शिवाय पेशीच्या आतील आर.एन.ए. आणि बाहेरील आर.एन.ए. यांच्या प्रमाणांत प्रचंड अंतर आहे. आतल्या मोजमापात परक्या रेणूंची भर बहुधा नगण्य ठरते. अतिसंवेदनशील पद्धतीत ती दिसू शकते एवढेच. खरा धोका बाहेरच्या मोजमापात आहे, कारण तेथे मूळ वस्तूच मूठभर असते.

मग रक्तरसच वगळावा, हा उपाय सुचतो. परंतु रक्तरसावाचून पेशी उपाशी राहते, तिची वाढ मंदावते, ती बाहेर काय टाकते तेही बदलते. दूषण टाळण्याच्या नादात प्रयोगाचा विषयच पालटतो. रक्तरसाऐवजी वापरायची तयार पूरके तरी शुद्ध असतात काय? २०१९ साली औबर व सहकाऱ्यांनी अशा पूरकांतही सूक्ष्म आर.एन.ए. असल्याचे व ते पुटिकांबरोबर निघून येत असल्याचे दाखविले. पूरकांतील काही प्रथिने प्राण्यांपासूनच काढलेली असतात हे ध्यानात घेता यात नवल नाही.

राहता राहिला तो नियंत्रण-प्रयोग. पेशी न घातलेले माध्यम तितकेच तास, तशाच पात्रात, त्याच उष्णतेत ठेवावे आणि निष्कर्षणापासून अनुक्रमणापर्यंत प्रत्येक पायरीतून न्यावे. येथे दोन खाचखळगे आहेत, आणि त्यांविषयी फारसे लिहिले जात नाही. अनुक्रमणाचे आकडे बहुधा एकूण वाचनांच्या प्रमाणात दिले जातात. कोऱ्या माध्यमात आर.एन.ए. थोडा असला तरी प्रवर्धनानंतर त्याचीही लक्षावधी वाचने मिळतात, आणि अल्प व विपुल यांतील भेद पुसला जातो. म्हणून ज्ञात मात्रेचा परका रेणू, उदाहरणार्थ सूत्रकृमीचा सेल-मिर-३९, आरंभीच घालून निरपेक्ष मात्रा काढली पाहिजे. दुसरे असे की, कोऱ्या माध्यमातील आकडा सरळ वजा करणे न्याय्य नव्हे. पेशी रक्तरसातील रेणू आत ओढून घेतात व त्यांचे विघटनही करतात. त्यामुळे प्रयोगाच्या शेवटी उरलेला रक्तरसाचा वाटा कोऱ्या पात्रातल्यापेक्षा कमी असणे शक्य आहे. वजाबाकी केल्यास पेशींचा खरा वाटाही कापला जाईल. पेशींनी नव्याने घडविलेला आर.एन.ए. चिन्हांकित युरिडीन देऊन ओळखण्याची रीत यावर अधिक भरवशाची आहे. ती खर्चिक आहे, म्हणून प्रत्येक नमुन्यासाठी वापरता येणार नाही; परंतु ज्या एकदोन रेणूंवर प्रबंधाचा सारा भार टाकावयाचा आहे, त्यांच्यापुरती ती टाळण्याचे कारण दिसत नाही.

पूर्वीच्या अभ्यासांची कच्ची अनुक्रमणे सार्वजनिक संग्रहांत उपलब्ध असल्यामुळे त्यांचा पुनर्विचार शक्य आहे. लांब आर.एन.ए.मध्ये गाय व मनुष्य यांचे क्रम ठिकठिकाणी भिन्न असतात. असे निखालस गायीचे तुकडे एखाद्या संचात सापडले तर दूषण झाले होते हे निश्चित होते. मात्र त्या संचातील मिर-१२२चा किती भाग गायीचा, हे त्यावरून काढता येत नाही. त्यासाठी त्या वेळी वापरलेल्या रक्तरसाच्या तुकडीचे स्वतंत्र मोजमाप हवे. पुष्कळशा निबंधांत तर तुकडीचा क्रमांक व केंद्रोत्सारणाचे तास यांचीही नोंद नाही.