वाचलेली बस कुठे जाते?

व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा दोन-तीन जणांनी विचारलं, की लातुरात मेट्रो नाही, नांदेडात मेट्रो नाही, मग मेट्रो आली की शहर बसचे मार्ग कसे बदलतात हे आम्ही कशाला ऐकायचं? प्रश्न रास्त आहे. पण मेट्रो आपल्याकडे नसली तरी आपली पोरं पुण्यात आहेत. कुणी कात्रज-धनकवडीला खोली करून शिकतंय, कुणी पिंपरी-चिंचवडला कामाला आहे. त्यांना भेटायला आपण जातो, दवाखान्याच्या कामाला जातो. त्या शहराची बस बदलली की आपलं जाणं बदलतं.

आता शिवाजीनगरचं एसटी स्टँड घ्या. मराठवाड्याच्या माणसाला पुणं म्हणजे वर्षानुवर्षं शिवाजीनगर. गाडी पहाटे तिथं टेकायची, पिशव्या घेऊन उतरायचं आणि शेजारीच पीएमपीची बस धरायची. मेट्रोचं भुयारी स्टेशन नेमकं तिथं होणार म्हणून २०१९ च्या डिसेंबरअखेर ते स्टँड वाकडेवाडीला हलवलं. तात्पुरतं, असं सांगून. पुढं १ ऑगस्ट २०२३ ला शिवाजीनगरची मेट्रो सुरू झाली. म्हणजे बघा, जिथं एसटी, शहर बस आणि मेट्रो एका ठिकाणी मिळायला हवी होती, तिथं मेट्रो आली आणि एसटी गेली! पाच वर्षं उलटून गेली तरी स्टँड मूळ जागी परतलं नव्हतं. वाकडेवाडीला उतरलेला माणूस पहाटे पाचला काय करतो? रिक्षा करतो. ज्या रिक्षाचं भाडं वाचावं म्हणून सार्वजनिक वाहतूक असते, तीच रिक्षा.

मी मेट्रोचा विरोधक म्हणून उभा नाही, हे आधीच सांगतो. मुंबईत ८ जून २०१४ ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही पहिली मेट्रो सुरू झाली, ११.४ किलोमीटर, १२ स्टेशनं. त्याच पट्ट्यात बेस्टची ३४० नंबरची बस धावायची, घाटकोपर ते अंधेरी. अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या गर्दीत ती तास-दीड तास खायची. मेट्रोला एकवीस-बावीस मिनिटं लागतात. प्रवासी मेट्रोकडे गेले, आणि ते जायलाच पाहिजेत. तिथं बसचा हट्ट धरण्यात शहाणपण नाही. माझी टीका आहे ती त्याच्या पुढच्या पायरीवर.

कागदावरचं गणित करून बघू. समजा एका लांब मार्गावर बसची जाऊन-येऊन फेरी १२० मिनिटांची आहे आणि दर ६ मिनिटांनी बस द्यायची आहे. मग २० बस लागतात. मेट्रो त्या रस्त्यावर आली. आता मेट्रो स्टेशनपासून एखाद्या वस्तीपर्यंत छोटी फेरी लावली, ४० मिनिटांची, दर १० मिनिटांनी. तिला ४ बस पुरतात. उरल्या १६. त्यांतून आणखी चार वस्त्यांना तशाच फेऱ्या देता येतात. नियोजन करणारे हेच सांगतात आणि ते बरोबर सांगतात. जिथं कधी बस पोचली नव्हती तिथं दहा मिनिटांना बस येऊ शकते. माझा प्रश्न एवढाच आहे, की त्या १६ बस जातात कुठे?

मुंबईत बेस्टच्या ताफ्यात एके काळी चार हजारांहून जास्त गाड्या होत्या. २०२५ पर्यंत तो आकडा तीन हजारांच्या खाली आला. याच काळात मेट्रोच्या मार्गिका वाढत गेल्या. मेट्रोमुळे बस कमी झाल्या असं मी म्हणत नाही. जुन्या गाड्या भंगारात गेल्या, नव्या वेळेवर आल्या नाहीत, भाड्यानं गाड्या पुरवणारे ठेकेदार सोडून गेले, अशी कारणं आहेत. पण मेट्रो उभी राहिली की बस कमी झाल्याची ओरड व्हायची थांबते. ‘मेट्रो आहे ना!’ या तीन शब्दांत विषय मिटतो. आणि ज्या वस्तीपासून मेट्रोचं स्टेशन तीन किलोमीटरवर आहे, तिथला माणूस या वाक्यात कुठंच नसतो.

दुसरी गोष्ट पैशाची, ती फारशी बोलली जात नाही. बससंस्थेचे सगळे मार्ग तोट्यात नसतात. मोठ्या रस्त्यावरचे, गर्दीचे, दिवसभर भरून चालणारे काही मार्ग दुभती गाय असतात. त्यांच्या उत्पन्नावर कोपऱ्यातल्या वस्तीची रिकामी धावणारी बस पोसली जाते. मेट्रो नेमकी ती दुभती गाय घेऊन जाते, कारण मेट्रो गर्दीच्या रस्त्यावरच बांधतात. बसकडे राहतात छोट्या, महागड्या, तोट्याच्या फेऱ्या. मग वर्षाअखेरीला हिशेब मांडून म्हणायचं, बघा, बस तोट्यातच आहे. अहो, तोटा तुम्हीच तिच्याकडे वळवलात, मग तो भरून देण्याची सोयही तुम्हीच करायला हवी होती.

आता ‘फीडर’ हा शब्द बघा. मेट्रोला प्रवासी ‘भरवणारी’ ती फीडर बस. या शब्दात बस नोकर आणि मेट्रो मालक. पण भाजी घेऊन दोन स्टॉप जाणारी बाई मेट्रोला भरवायला निघालेली नसते, तिला घरी जायचं असतं. शाळेतल्या पोराला शाळेत जायचं असतं. शहरातले बरेच प्रवास छोटे असतात, स्टेशनच्या दिशेचे नसतात, आणि ते जास्त करून बायका, म्हातारी माणसं, विद्यार्थी करतात. सगळ्या बस स्टेशनकडे तोंड करून उभ्या केल्या, की एका वस्तीतून शेजारच्या वस्तीत जायला वाहन उरत नाही. शिवाय जिथं एका बसमध्ये बसून काम व्हायचं तिथं बस, मेट्रो आणि पुन्हा बस. दर चढ-उताराला जिना, थांबणं आणि नवं तिकीट.

तिकिटाचं तर पुण्यात फार चमत्कारिक झालं. प्रवासात वाहन बदलणं भाग पडलं की दिवसाचा पास हा सगळ्यांत चांगला उपाय असतो. एकदा पैसे भरायचे, मग कितीदा बदला. १ जून २०२५ पासून पीएमपीचं किमान भाडं ५ चं १० रुपये झालं आणि ४० रुपयांचा दैनिक पास ७० ला गेला. आणि त्या पासावर मेट्रोत बसता येत नाही. मेट्रोमुळे वाहन बदलण्याची वेळ आली त्याच सुमाराला बदलणं महाग केलं. आपल्या बायकांना एसटीच्या अर्ध्या तिकिटाची सवय आहे, १७ मार्च २०२३ पासून ती सवलत आहे. लातूरहून पुण्यापर्यंत अर्धं तिकीट, आणि पुण्यात उतरल्यावर शहर बसला पूर्ण, मेट्रोला पूर्ण, रिक्षाला तर विचारूच नका.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. चिली देशाच्या राजधानीत, सांतियागोत, १० फेब्रुवारी २००७ ला एका दिवसात सगळं बसचं जाळं बदललं. लांबचे मार्ग तोडले, छोट्या फेऱ्या मेट्रोला जोडल्या. लोक तासन् तास थांब्यावर उभे राहिले, मेट्रोतली गर्दी जवळजवळ दुप्पट झाली, आणि राष्ट्राध्यक्षा मिशेल बाचेलेत यांना लोकांची जाहीर माफी मागावी लागली. सिंगापूरसारख्या शिस्तीच्या शहरात २०२३ साली नव्या मेट्रो मार्गाला समांतर म्हणून १६७ नंबरची बस बंद करायचं जाहीर झालं. लोक बोलले, आणि थोड्याच दिवसांत तो निर्णय फिरवून अर्ध्या-अर्ध्या तासानं का होईना, ती बस ठेवली. तिथं बस कुणाची आहे हे विचारलं गेलं. आपल्याकडे थांब्यावर एक कागद चिकटतो, तोही पावसात भिजतो.

बरं, लातूर-नांदेडचं काय? लातूरकरांनी ही गोष्ट मेट्रोशिवाय अनुभवलेली आहे. नॅरोगेज होती तेव्हा रेल्वे स्टेशन गावात होतं. ब्रॉडगेज आलं, गाडी मोठी झाली, मुंबई जवळ आली, आणि नवं स्टेशन गावाबाहेर गेलं. रात्रीची गाडी धरायची तर आधी स्टेशनपर्यंत पोचायचं भाडं मोजा. रेल्वेनं रूळ टाकले, पण तिथपर्यंतची बस ही कुणाचीच जबाबदारी नव्हती. आणि इथल्याच रेल्वे कोच कारखान्याचं भूमिपूजन ३१ मार्च २०१८ ला झालं, तेव्हा मेट्रोचे डबे लातुरात बनणार म्हणून केवढा आनंद! आनंद खोटा नव्हता. पण गंजगोलाईहून कारखान्यापर्यंत कामगार कशानं जाणार, यावर तेव्हा किती भाषणं झाली?

नांदेड तर नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेत होतं, महाराष्ट्रातली मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि पाचवं नांदेड. २००८ च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्तानं रस्ते रुंद झाले, पूल झाले. आज त्या रुंद रस्त्यांवर विष्णुपुरीच्या दवाखान्यात जाणारा पेशंट शेअर ॲटोत चौथ्या सीटवर अर्धा बाहेर बसून जातो. ॲटोवाल्यांचा राग नाही माझा, त्यांनी शहर चालवलंय. पण रात्री नऊनंतर त्या मार्गावर सीट मिळत नाही, आणि सीट भरल्याशिवाय गाडी हलत नाही.

केंद्राचाच एक जुना मापदंड आहे, हजार लोकसंख्येमागे ०.६ बस म्हणजे सेवा उत्तम. २०११ च्या जनगणनेत लातूर शहर ३ लाख ८३ हजार, नांदेड साडेपाच लाख. म्हणजे लातूरला सुमारे २३० आणि नांदेडला ३३० बस. पंतप्रधान ई-बस सेवा योजना ऑगस्ट २०२३ ला मंजूर झाली, देशभर १० हजार बस, तीन लाखांवरच्या शहरांसाठी. लोकसंख्येच्या हिशेबानं आपली दोन्ही शहरं त्यात बसतात. मेट्रो धोरणातही, २०१७ च्या, मेट्रो मागण्याआधी दुसरे पर्याय तपासा असं स्पष्ट लिहिलंय. तेव्हा पुढच्या निवडणुकीत कुणी व्यासपीठावरून लातूर-नांदेडला मेट्रोचं स्वप्न दाखवलं, तर टाळ्या वाजवायला हरकत नाही, पण टाळ्या थांबल्यावर त्याला विचारा: २३० पैकी किती बस आत्ता रस्त्यावर आहेत, आणि शेवटची बस रात्री किती वाजता सुटते?

प्रश्न असतील तर घेऊ या. माईक मागे द्या कुणीतरी.