नेणिवेतील अंधार आणि धम्माची आशा
(युंग यांच्या 'लाल ग्रंथा'च्या निमित्ताने)

अंधारयुगात माणसाने आशा कोठे शोधावी, या प्रश्नाला पाश्चात्त्य मानसशास्त्राने दिलेले एक उत्तर म्हणून कार्ल गुस्ताव युंग (१८७५-१९६१) यांच्या 'लाल ग्रंथा'चा विचार करणे अगत्याचे आहे. १९१३ साली युंग व फ्रॉइड यांची फारकत झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युरोप महापुरात बुडत असून ते पाणी रक्त झाल्याचे दृश्य युंग यांच्या मनश्चक्षूंपुढे उभे राहिले. आपण वेडाच्या वाटेवर आहोत, असे भय त्यांना वाटले. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. युंग यांनी मनातील या प्रतिमा दडपल्या नाहीत. त्यांच्याशी संवाद केला, त्या स्वहस्ते लिहिल्या, चितारल्या. सुमारे १९३० पर्यंत चाललेला हा ग्रंथ २००९ साली प्रसिद्ध झाला.

जे आपण नाकारतो ते नष्ट होत नाही, नेणिवेत 'छाया' होऊन राहते, हा युंग यांचा सिद्धान्त मोलाचा आहे. बौद्ध वाचकाला येथे 'अनुसय' आठवतील. पालि साहित्यात सांगितलेल्या सात अनुसयांत 'मान' हा एक आहे. जातीचा अहंकार ओठांवरून गेला तरी चित्ताच्या तळाशी का उरतो, याचे मर्म या एका शब्दात सापडते.

परंतु येथेच युंग यांची मर्यादाही स्पष्ट होते. १९३६ सालच्या 'वोटान' या निबंधात त्यांनी जर्मनीतील नाझी उन्मादाचा अर्थ एका प्राचीन देवतेच्या जागृतीत शोधला. आर्थिक, राजकीय कारणांहून ती देवताच अधिक उलगडा करते, असे प्रतिपादिले. अन्यायाला दैवी वादळाचे रूप दिले की अन्याय करणारा निसटतो आणि पीडिताच्या हाती केवळ आत्मचिंतन उरते.

प्रतीत्यसमुत्पाद निराळे सांगतो. दुःख कारणांतून उपजते. कारण दूर केले की दुःखही निवारते. आशेचा खरा आधार हाच आहे. १९५७ साली प्रकाशित झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्माला निराशावाद ठरविणाऱ्या मांडणीवर प्रश्नचिन्ह उभे केले. त्याच ग्रंथात चित्तशुद्धीला केंद्रस्थान आहे, आणि समाजातील दुःखाचे निवारणही धम्माचेच कार्य मानले आहे.

म्हणून युंग वाचावेत, अवश्य वाचावेत. अंतरीचा अंधार न्याहाळण्याचे धैर्य ते देतात. मात्र माणसामाणसांतील अंधार दूर करण्यासाठी शील, प्रज्ञा, करुणा आणि संघटित प्रयत्न यांचीच कास धरावी लागेल.