'हेल्प'ला पर्याय शोधताना

थिसिस लिहिताना 'हेल्प' फार साधं वाटतं, म्हणून आपण थिसॉरस उघडतो. तिथे फॅसिलिटेट, प्रमोट, अ‍ॅक्सिलरेट, कॅटलाइज शेजारी-शेजारी बसलेले असतात. यादीतला दोष हाच, की प्रत्येक शब्दाचा दावा वेगळा आहे हे ती सांगत नाही. अ‍ॅक्सिलरेट लिहिलंत, तर वेग मोजलेला हवा. कॅटलाइज म्हणजे स्वतः न संपता वेग वाढवणं. समतोल बदलत नाही. हेबर प्रक्रियेत लोह हा उत्प्रेरक, तर पोटॅशियम ऑक्साइड त्याचा प्रमोटर. फॅसिलिटेटेड डिफ्यूजनमध्ये प्रथिन फक्त वाट करून देतं, एटीपी खर्च होत नाही. तेव्हा शब्द बदलण्याआधी बघा, तुमच्या डेटामध्ये तेवढं आहे का? नसेल तर 'हेल्प'च राहू द्या. व्हायव्हात परीक्षक नेमकं त्याच शब्दावर बोट ठेवू शकतात.