खर्जाचा अतिरेक आणि हरवलेले शब्द

वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाचे परीक्षण करताना आपण गायकाच्या गळ्याविषयी लिहितो, कीबोर्डवाल्याच्या बोटांविषयी लिहितो, फार तर ड्रमवादकाच्या उत्साहाला एखादे वाक्य देतो. मागच्या बाजूला उभा राहून चार जाड तारा छेडणारा बेस गिटारवादक मात्र परीक्षणात सहसा येत नाही. तो नीट वाजवीत असेल तर त्याच्याकडे लक्ष जात नाही, आणि बिघडवीत असेल तर दोष साउंडवाल्याच्या पदरी पडतो. या लेखात आम्ही त्या वादकाकडे, आणि त्याहीपेक्षा त्याने सोबत आणलेल्या सामग्रीकडे, समीक्षेच्या नजरेने पाहणार आहोत. विषय कोणाला तांत्रिक वाटेल. परंतु लहान सभागृहात गाणे कानांपर्यंत पोहोचते की नाही, हे पुष्कळदा या सामग्रीच्या निवडीवर आणि मांडणीवरच ठरते.

निमित्त घडले ते गेल्या हिवाळ्यातील एका संध्याकाळचे. वसई परिसरातील एका गावच्या सभागृहात जुन्या लग्नगीतांचा कार्यक्रम होता. दीडशे-दोनशे खुर्च्या, गुळगुळीत फरशी, समोरासमोर उघड्या भिंती. सामवेदी बोलीतील जी गाणी आता मोजक्याच घरांत म्हटली जातात, ती तरुणांनी गिटार, कीबोर्ड आणि ड्रम यांच्या साथीने बसवली होती. हेतू स्तुत्य होता, गायिकेचा आवाज निकोप होता, मूळ चालींना कोणी हात लावला नव्हता. पण बेस गिटारवादकाने भाड्याने आणलेल्या छातीइतक्या उंच दोन पेट्या व्यासपीठाच्या कोपऱ्यात उभ्या होत्या, आणि पहिल्या गाण्यापासून सभागृहात एक अखंड घुमारा भरून राहिला. आमच्या शेजारी बसलेल्या आजींना ती गाणी तोंडपाठ. तरीही तिसरे गाणे सुरू झाल्यावर, हे कोणते चालले आहे, असे त्यांनी आम्हांलाच विचारले. मध्यंतरापर्यंत पुढच्या दोन रांगा रिकाम्या झाल्या होत्या.

त्या तरुणाला नावे ठेवून मोकळे होणे सोपे आहे. पण तो ताल सोडत नव्हता, स्वरही चुकत नव्हता. चूक त्याच्या वादनात नव्हती. ती त्याने मनाशी धरलेल्या आदर्शात होती, आणि तो आदर्श दुसऱ्याच ठिकाणाहून आलेला आहे.

या वाद्याचा जन्मच मुळी ऐकू न येण्याच्या तक्रारीतून झाला. अमेरिकेतील नृत्यवृंदांत माणसाहून उंच डबल बेस वाजवला जाई. तो नेणे-आणणे जिकिरीचे, आणि पितळी वाद्यांपुढे त्याचा आवाज दबून जाई. एव्हरेट हल नावाच्या एका बेसवादकाने १९४० च्या दशकात डबल बेसच्या तळाच्या खुंटीतच ध्वनिग्राहक बसवण्याची युक्ती काढली. त्या ‘अ‍ॅम्प्लिफाइड पेग’वरून त्याच्या कंपनीचे नाव पडले अ‍ॅम्पेग. पुढे १९५१ साली लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियातील फुलरटन येथे गळ्यात अडकवता येईल असा विजेचा बेस बाजारात आणला. मानेवर पडदे असल्यामुळे स्वर नेमका लागतो, म्हणून त्याला ‘प्रिसिजन’ हे नाव दिले. आज सत्तरहून अधिक वर्षांनंतरही लहानमोठ्या कार्यक्रमांत तोच आराखडा वाजतो आहे.

अ‍ॅम्पेगने १९६० साली ‘पोर्टाफ्लेक्स बी-१५’ हा अ‍ॅम्प्लिफायर काढला. २५ वॉट शक्ती, पंधरा इंचांचा एकच स्पीकर. यंत्र पेटीच्या झाकणावर बसवलेले. कार्यक्रम संपला की झाकण उलटायचे आणि यंत्र पेटीच्या पोटात जाऊन बसायचे. लहान कार्यक्रमांसाठी बनलेल्या सामग्रीत याहून विचारी रचना झाली नाही, असे आमचे मत आहे. हल यांना गरजणारा, फाटलेला आवाज मुळीच खपत नसे. रॉक संगीताविषयीची त्यांची नावड प्रसिद्धच आहे. ही नावड एकांगी होती हे कबूल करूनही म्हणावे लागते की बी-१५ चा गोल, स्पष्ट आणि आटोपशीर आवाज तिच्यातूनच आला. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचे जेम्स जेमर्सन क्लबमध्ये वाजवताना हाच अ‍ॅम्प वापरीत. उजव्या हाताची केवळ तर्जनी, १९६२ चा प्रिसिजन, आणि सपाट वेटोळ्याच्या तारा, ज्या तुटल्याशिवाय ते बदलत नसत. एवढ्या सामग्रीवर त्यांनी साथीच्या वाद्याला वक्त्याची प्रतिष्ठा मिळवून दिली.

त्यानंतर मात्र मैदाने आली. १९६९ साली याच कंपनीने रोलिंग स्टोन्सच्या दौऱ्यासाठी ३०० वॉटचे ‘एसव्हीटी’ हे यंत्र तयार केले. एकट्या अ‍ॅम्पचे वजन चाळीस किलोच्या आसपास, आणि त्याच्याखाली प्रत्येकी दहा इंची आठ स्पीकर असलेल्या पेट्या. मोठ्या जागेसाठी ते उत्तम यंत्र होते, आजही आहे. दोष ज्याने ते घडवले त्याचा नाही. छायाचित्रांत, ध्वनिचित्रफितींत त्या पेट्यांची भिंत पाहून ‘खरा’ बेसवादक असाच दिसतो अशी समजूत ज्यांनी करून घेतली, त्यांचा आहे. वसईच्या त्या सभागृहात उभ्या असलेल्या पेट्या या समजुतीच्याच वारसदार होत्या. तरुण मुले हप्त्यांवर कर्ज काढून अशी सामग्री घेतात आणि मग ती वापरायलाच हवी म्हणून वापरतात, हेही आम्ही पाहिले आहे.

वॉटच्या आकड्यांविषयी थोडे बोलायला हवे, कारण दुकानात सारी चर्चा त्याच्याभोवतीच फिरते. १०० वॉटऐवजी २०० वॉट घेतले तर आवाज दुप्पट होत नाही. तो तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल एवढा. दुप्पट मोठा वाटण्यासाठी शक्ती सुमारे दहापट लागते. शिवाय जाहिरातीतला आकडा बहुधा ४ ओहमवरचा असतो. ८ ओहमची एकच पेटी जोडली की तो हाती येत नाही. मात्र याचा अर्थ दुबळे यंत्र चालेल असाही नाही. खालच्या स्वरांना शक्ती अधिक लागते, आणि क्षमतेबाहेर ताणलेला लहान अ‍ॅम्प फाटक्या आवाजात ओरडू लागतो. आम्ही स्वतः काही वर्षे हे वाद्य बेताबेताने वाजवले आहे. त्या अनुभवावरून सांगायचे तर ड्रमसेट असलेल्या, दोनशे खुर्च्यांच्या सभागृहाला २०० ते ३०० वॉट आणि एक बारा इंची किंवा दोन दहा इंची स्पीकर यांहून अधिक काही लागत नाही. ड्रम नसतील तर त्याच्या निम्म्यातही भागते.

खरी गोम आहे ती कानाच्या स्वभावात. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले की हळू आवाजात आपल्या कानाला खालचे स्वर फारच कमी ऐकू येतात आणि आवाज वाढला की ती उणीव झपाट्याने भरून निघते. वादक घरी दार लावून, शेजाऱ्यांच्या भीतीने हळू आवाजात सराव करतो. त्याला खर्ज अपुरा वाटतो; म्हणून तो ‘बेस’चे बटण पूर्ण फिरवतो आणि मधला भाग कर्कश वाटतो म्हणून कमी करतो. त्या खोलीत ते गोड लागते. पण बटणे तशीच ठेवून सभागृहात आवाज चढवला की खर्ज फुगून बसतो आणि ज्या मधल्या पट्टीमुळे एक स्वर दुसऱ्यापासून वेगळा कळतो, तीच नाहीशी झालेली असते. मग उरतो तो केवळ घुमारा. आमच्या मते लहान कार्यक्रम बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे, आणि ते दूर करायला एक रुपयाही लागत नाही.

बेसच्या सर्वांत जाड तारेचे मूळ कंपन सेकंदाला सुमारे ४१. ते पूर्ण ताकदीने श्रोत्यांपर्यंत पोहोचलेच पाहिजे, हा एक गैरसमज आहे. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गंधार ऐकू येतो, त्याला आपण स्वयंभू म्हणतो. बेसच्या तारेतही असे वरचे स्वर भरलेले असतात, आणि तळाचे कंपन क्षीण असले तरी त्या वरच्या स्वरांवरून कान मूळ स्वर ओळखून घेतो. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांच्यासारख्यांनी वाजवलेला बेस आपण लहानशा ट्रान्झिस्टरवरही मागोवा घेत ऐकला आहे. तळव्याएवढ्या त्या स्पीकरला ४१ कंपने कुठून झेपणार? म्हणून अगदी तळाचा भाग गाळणारी सोय अ‍ॅम्पवर असेल तर ती निःसंकोच वापरावी. ४१ कंपनांच्या लहरीची लांबी आठ मीटरहून थोडी अधिक भरते. लहान खोलीची मापे तिच्याशी किंवा तिच्या निमपटीशी जुळली की एखादा स्वर भिंतींना धरून गर्जतो आणि शेजारचा स्वर बुडतो. वादकाने दोन्ही स्वर सारख्याच जोराने छेडलेले असतात. सभागृह मात्र त्यांना सारखे मानत नाही.

कोपरा ही तर बेसच्या पेटीसाठी सर्वांत वाईट जागा. जवळची प्रत्येक भिंत खर्ज वाढवते. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन अशा तिघी मिळून त्याला उचलतात. पोकळ लाकडी व्यासपीठ असेल तर ते स्वतःच ढोलासारखे वाजू लागते. त्यातून वादक पेटीच्या अगदी पुढ्यात उभा असतो, आणि आवाजातला स्पष्टता देणारा भाग सरळ रेषेत त्याच्या गुडघ्यांवर जाऊन आदळतो. त्याच्या कानाला तो मिळत नाही, म्हणून तो आवाज आणखी चढवतो. त्याचे फळ भोगतात पाचव्या रांगेतले श्रोते. उपाय इतका साधा आहे की सांगताना संकोच वाटतो: पेटी कोपऱ्यातून पुढे ओढावी आणि मजबूत घोडीवर ठेवून किंवा मागे तिरकी कलती करून तिचे तोंड स्वतःच्या कानाकडे करावे.

तारांच्या निवडीत आम्ही सपाट वेटोळ्याच्या बाजूचे आहोत, निदान अशा गाण्यांसाठी. गोल वेटोळ्याच्या तारांची धातूची झणझण शब्दांच्या आड येते. हा आवडीचा प्रश्न आहे, वाद घालणार नाही. पाच तारांच्या बेसचा हव्यास मात्र लहान सभागृहात अनाठायी वाटतो. तिथे पाचवी तार बहुधा श्रोत्यांपेक्षा खिडकीच्या तावदानांनाच अधिक ऐकू येते.

बेस मुख्य ध्वनिव्यवस्थेत सोडायचा असेल तर मध्ये डी.आय. बॉक्स हवाच. वाद्याचा नाजूक संदेश लांब तारेतून गुणगुण न शिरता नेणारी ती लहानशी डबी अ‍ॅम्पच्या मानाने अगदीच स्वस्त पडते. काही जण आता अ‍ॅम्पच आणत नाहीत, डबीतून थेट व्यवस्थेत जोडतात. साउंडवाला जाणता असेल आणि वादकाला स्वतःचे ऐकण्याची स्वतंत्र सोय असेल तर ही पद्धत वाईट नाही. नसेल तर वादक आंधळ्यासारखा वाजवतो आणि हाताचा कमी-अधिक दाब, जो या वाद्याचा प्राण आहे, तो हरपतो. विजेच्या गुणगुणीवरून एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. मांडवात जनरेटरवर गुणगुण आली की प्लगची तिसरी पिन मोडून टाकण्याची एक घातकी रीत आमच्याकडे आहे. आवाज थांबतो हे खरे. पण यंत्रात बिघाड झाला तर तारांना हात असलेल्या आणि ओठ मायक्रोफोनला लागलेल्या माणसाच्या देहातून वीज वाट काढते. डी.आय. बॉक्सवरचे ‘ग्राउंड लिफ्ट’चे बटण याचसाठी असते. ते केवळ संदेशाच्या तारेतला जमिनीचा जोड तोडते, विजेचे अर्थिंग शाबूत ठेवते. पिन मोडलेली दिसली तर वादकाने वाजवायला नकार द्यावा.

वजनाचा प्रश्न आता पुष्कळसा सुटला आहे. ‘क्लास डी’ पद्धतीचे अ‍ॅम्प दोन-तीन किलोंत काही शे वॉट देतात, आणि निओडिमियम चुंबकांमुळे पेट्याही हलक्या झाल्या. कार्यक्रम आटोपून रात्रीच्या विरार लोकलने परतणाऱ्या वादकाला याचे मोल कळते. बी-१५ च्या आवाजाची ऊब या यंत्रांत नाही, ही जुन्या जाणत्यांची तक्रार आम्हांलाही मान्य आहे. पण जिना चढताना ती आठवत नाही.

आता त्या संध्याकाळचे राहिलेले सांगतो. मध्यंतरात एक वृद्ध गृहस्थ व्यासपीठामागे गेले. तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांतून डबल बेस वाजवलेले. त्यांनी त्या मुलाला काय सांगितले ते आम्हांला ऐकू आले नाही. दोघांनी मिळून एक पेटी बंद केली, दुसरी कोपऱ्यातून ओढून बाहेर काढली आणि तिच्या पुढच्या कडेखाली वीट सरकवून ती कलती केली. मुलाने बटणे खाली आणली, तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता. गृहस्थ लांब केबलने ते वाद्य गळ्यात घेऊन सभागृहाच्या मध्यापर्यंत चालत गेले, तिथे दोन-चार स्वर छेडले, परत येऊन एक बटण आणखी थोडे फिरवले. उठून गेलेले सगळेच काही परतले नाहीत. पण दुसऱ्या सत्रातील दुसरे गाणे चालू असताना शेजारच्या आजींनी आमच्या कोपराला हात लावला आणि सांगितले, मुलगी गाते छान, पण तिसऱ्या कडव्यातला एक शब्द चुकीचा म्हणते आहे.