बोलकें पुस्तक आणि अबोल मूल

मराठी पाठ्यपुस्तकांत अलीकडे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक लहानसा चौकोन छापलेला दिसतो. त्यावर मोबाईल धरला कीं पाठाची ध्वनिफीत किंवा चित्रफीत सुरू होते. या 'क्यूआर कोड'चें कौतुक पुष्कळ झालें. भाषाशिक्षणाच्या दृष्टीनें त्याचें परीक्षण करणेंही आम्हांस तितकेंच अगत्याचें वाटतें.

सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या शाळेंत रणजितसिंह डिसले यांनीं या साधनाचा उपयोग केला आणि २०२० सालीं त्यांस जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हें सर्वश्रुतच आहे. त्या प्रयोगाचें मर्म कशांत होतें, याकडे मात्र आमच्या मतें दुर्लक्ष झालें. मुलांची घरची भाषा कानडी आहे हें ओळखून त्यांनीं पाठ त्या भाषेंत आणले व त्यांस आवाजाची जोड दिली. आधीं मुलाचें ऐकावें, मग यंत्रास बोलूं द्यावें, हा तो क्रम. अनुकरण करणारांनीं चौकोन उचलला. क्रम मागेंच राहिला.

भोर तालुक्यांतील हिर्डोशीचें उदाहरण घ्या. वरंधा घाटाच्या वाटेवरील हें मावळांतील गांव. येथील मुलाच्या कानांत मावळी बोलीचे हेल. ध्वनिफितींतील उच्चार शहरी, घासूनपुसून लख्ख केलेला. तो ऐकून मुलाला प्रमाण भाषेचा कान येईल, हा लाभ थोडा नव्हे. परंतु आपलें बोलणें अशुद्ध, असा ग्रह एकदां मनांत रुजला कीं तें वर्गांत तोंड उघडावयाचें नाहीं. आणि बोलावयास भिणारें मूल लिहिणार तरी काय?

यावरील उपाय त्याच यंत्रांत आहे. पाठ ऐकविणारा मोबाईल मुलाचें बोलणेंही टिपून घेतो. आजीनें सांगितलेली भातलावणीची हकीकत मुलानें ध्वनिमुद्रित करावी, वर्गांत ती सर्वांनीं ऐकावी, प्रमाण मराठींत उतरवावी, आणि दोहोंतील भेद शिक्षकानें समजावून द्यावा. यास इंटरनेट लागत नाहीं. पावसाळ्यांत रेंज गेली तरी हा पाठ अडत नाहीं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजानें राज्य मराठी विकास संस्थेच्या साह्यानें मराठीच्या बोलींचें ध्वनिमुद्रणासह सर्वेक्षण केलें आहे. विद्वानांनीं जें अभ्यासयोग्य मानलें, तें शाळेनें कमी लेखण्याचें कारण काय?

साधन नवें कीं जुनें, हा प्रश्न गौण होय. तासाच्या अखेरीस यंत्र अधिक बोललें कीं मूल, एवढेंच परीक्षकानें विचारावें.