रजोनिवृत्तीचे वय : सरासरीच्या आड राहिलेल्या स्त्रिया

रजोनिवृत्तीच्या वयावर आनुवंशिकता, पोषण, बाळंतपणांची संख्या, शिक्षण व तंबाखू यांचा परिणाम होतो, हे आता बहुतेक अभ्यासकांना पाठ झाले आहे. भारतीय स्त्रीची रजोनिवृत्ती सरासरी ४६-४७ व्या वर्षी, तर पाश्चात्त्य स्त्रीची ५१ च्या सुमारास येते, हेही वारंवार उद्धृत केले जाते. मात्र ही सरासरी कोणत्या स्त्रियांची, हा प्रश्न क्वचितच उपस्थित होतो. प्रस्तुत लेखाचा रोख त्यावर आहे.

सलग १२ महिने पाळी न आल्यास व त्यास अन्य कारण नसल्यास वैद्यकशास्त्र नैसर्गिक रजोनिवृत्ती मानते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा निकष ६ महिन्यांचा असून स्त्रियांच्या मुलाखती ४९ व्या वर्षापर्यंतच घेतल्या जातात. अशा सामग्रीतून केवळ पाळी थांबलेल्यांच्या वयाची सरासरी काढल्यास ती कमी भरणारच. पन्नाशीनंतर पाळी थांबणाऱ्या स्त्रिया त्या गणितात नसतातच. पाळी चालू असलेल्यांनाही हिशेबात धरणारी आयुःसारणी पद्धत हा दोष बराचसा टाळते.

तंबाखूची गत याहून गमतीची आहे. धूम्रपानाने रजोनिवृत्ती एक-दोन वर्षे अलीकडे येते, म्हणून प्रश्नावलीत 'धूम्रपान करता का?' असे विचारले जाते. आपल्याकडील स्त्री त्यास प्रामाणिकपणे नकार देते आणि मिश्रीची डबी नोंदीबाहेर राहते.

सर्वांत गंभीर घोटाळा शस्त्रक्रियेचा आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीमुळे पडणारा खाडा, त्यापोटी होणारा दंड आणि मुकादमाकडून घेतलेली उचल हा त्यामागील संदर्भ तेव्हा चर्चेत आला. गर्भाशय काढताना अंडाशयेही काढली, तर रजोनिवृत्ती तत्काळ येते. ती राखली, तर पाळी थांबते पण संप्रेरके चालू राहतात, तरी अंडाशयांचे कार्य काहीसे लवकर संपुष्टात येण्याचा संभव असतो. बत्तिसाव्या वर्षी शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीची नोंद 'ग्रामीण, अल्पशिक्षित, कष्टकरी, लवकर रजोनिवृत्ती' अशी झाली, तर शोषणाचा परिणाम निसर्गाच्या खात्यावर पडतो. असे कोष्टक सांख्यिकीदृष्ट्या कितीही लक्षणीय ठरो, ते दिशाभूल करणारेच होय.

कसबा बावडा येथे छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखाना आणि वैद्यकीय महाविद्यालय जवळजवळ आहेत. गळीत हंगामात मराठवाड्यातून कोल्हापूर जिल्ह्यात टोळ्या येतात. घरांच्या यादीवरून नमुना निवडल्यास पालातील स्त्री आपोआप वगळली जाते. म्हणून तिची निवड स्वतंत्रपणे करावी लागेल. आणि 'पाळी कधी थांबली?' याआधी 'पिशवी काढली आहे का?' असे विचारावे लागेल. 'गर्भाशय' हा ग्रांथिक शब्द वापरल्यास अनेकींकडून नकारार्थी उत्तर येण्याचीच शक्यता अधिक.