कर्ता कोठें गेला?

वादानें तत्त्वबोध होतो, अशी आपली जुनी श्रद्धा आहे. परंतु सर्वच वादांविषयीं ती बाळगावी, असें आपल्या नैयायिकांनाहि वाटलें नाहीं. गौतमाच्या न्यायसूत्रांत तत्त्वनिर्णयासाठीं चालतो तो वाद, केवळ जयासाठीं चालतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडतां दुसऱ्याचा नुसता खोडीत बसणें ही वितंडा, असा भेद केलेला आहे. रोज रात्रीं दूरचित्रवाणीवरील राजकीय चर्चा ऐकतांना हा भेद वारंवार आठवतो.

अशा चर्चेंत प्रश्न कसा चुकविला जातो, याचा एक नमुना इंग्लंडांत १३ मे १९९७ रोजीं पाहावयास मिळाला. बी. बी. सी.च्या 'न्यूजनाइट' कार्यक्रमांत जेरेमी पॅक्समन यांनीं माजी गृहमंत्री मायकेल हॉवर्ड यांस विचारलें कीं, पार्कहर्स्ट तुरुंगाच्या अधिकाऱ्याला निलंबित करण्याच्या बाबतींत तुरुंगखात्याचे प्रमुख डेरेक लुइस यांचें मत डावलण्याची धमकी आपण त्यांना दिली होती काय? हॉवर्ड उत्तरले कीं, लुइस यांना हुकूम देण्याचा मला अधिकार नव्हता, व मीं तो दिलाहि नाहीं. प्रश्न धमकीचा, उत्तर हुकुमाचें! पॅक्समन यांनीं तोच प्रश्न जवळजवळ डझनभर वेळां विचारला, तरी 'होय' किंवा 'नाहीं' हा शब्द कांहीं ऐकूं आला नाहीं. हॉवर्ड यांचें वाक्य अक्षरशः खरें धरलें, तरी तें त्या प्रश्नाचें उत्तर नव्हतें. प्रकृत विषय सोडून भलतेंच बोलणें, यास न्यायशास्त्रांत 'अर्थांतर' म्हणतात, आणि वादांतील पराभवाच्या बावीस स्थानांत त्याची गणना होते.

आमच्या पुढाऱ्यांना एवढेहि श्रम पडत नाहींत. मराठी वाक्यरचनाच त्यांच्या साहाय्यास धांवते. 'आम्हीं चूक केली' असें न म्हणतां 'कांहीं चुका झाल्या असतील' असें म्हटलें, कीं कर्ता नाहींसा होतो आणि चूकहि संशयित ठरते. 'निर्णय घेण्यांत आला' या वाक्यांत निर्णय आहे, तो घेणारा नाहीं. परंतु रस्ता झाला, पाणी आलें, कीं 'आम्हीं रस्ता केला, आम्हीं पाणी आणलें' असा कर्ता तत्काळ परत येतो. श्रेय कर्त्यासह आणि दोष कर्त्यावांचून, असा हा प्रयोगविवेक आहे!

यांत भाषेचा अपराध नाहीं. कर्ता ठाऊक नसेल, किंवा त्याचें महत्त्व नसेल, तेथें अशी रचना योग्यच असते. शिवाय दोषाचा वांटा निवेदकाकडेहि जातो. पॅक्समन यांनीं एक प्रश्न धरून ठेवला; आमच्याकडे उत्तर येण्यापूर्वींच दुसऱ्या पाहुण्यास बोलतें करतात, व त्या गलबल्यांत मूळ प्रश्न हरवतो. लोकशाहींत मतदानाच्या एका दिवसाखेरीज नागरिकाच्या हातीं प्रश्न हेंच साधन उरतें. उत्तरांत कर्ताच नसेल, तर जाब विचारावयाचा कोणाला?

घरांत लहान मूल सांगत येतें, 'आई, बशी फुटली.' आई लगेच विचारते, 'फोडली कोणीं?' तिनें व्याकरण शिकलेलें असो वा नसो, हरवलेला कर्ता तिला बरोबर सांपडतो. मुलाला आपण जें सोडीत नाहीं, तें पुढाऱ्याला कां सोडावें?